निवृत्तीनंतर दोघांनी दोन वर्षं अरुणाचलात सेवेला जायचंय, तयारी कशी करावी?

ओसरी

नमस्कार मंडळी,

मी ६३, बायको ६०. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ती अनुदानित शाळेतून, गणित शिकवायची. दोघांनाही पेन्शन आहे. मुलगी बंगळुरूला, तिच्या संसारात. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, कर्ज वगैरे काही नाही. विवेकानंद केंद्राचं अरुणाचलातलं शाळांचं काम आम्हा दोघांना मनापासून भावलेलं आहे. वानप्रस्थी कार्यकर्ते म्हणून पूर्णवेळ दोन वर्षं तरी तिकडे द्यावीत असं ठरत आलंय. केंद्राशी रीतसर बोलूच, पण त्याआधी आपल्या बाजूची तयारी नीट करावी म्हणून इथे विचारतोय.

१. पेन्शन, हयातीचा दाखला, बँक, घर या गोष्टी इथून निघताना कशा लावून द्याव्यात?
२. मला बीपी आहे. बायकोला मधुमेह, रात्री एकदा इन्सुलिन. तिकडे हे निभेल का?
३. सोबत काय न्यावं आणि काय मुळीच नेऊ नये?
४. आमच्या वयाच्या जोडप्याचा तिथे खरा उपयोग कशात होतो? ओझं होऊन राहायचं नाही.

---

लोहित_काठ

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर ठरलं की बाकीची निम्मी तयारी आपोआप ठरते.

एकनाथजी रानड्यांनी ७ जानेवारी १९७२ ला केंद्र सुरू केलं आणि १९७७ पासून अरुणाचलात विवेकानंद केंद्र विद्यालयं उभी राहिली. बऱ्याच शाळा निवासी आहेत. निवासी शाळेत शिक्षक लागतातच, पण शिकवण्याच्या तासांबाहेर मुलं जे अठरा तास असतात तिथे माणसं नेहमी कमी पडतात. संध्याकाळचा अभ्यास, कच्च्या मुलांचं गणित, ग्रंथालय, भांडारातला साठा, हिशेब, आजारी मुलांची खोली, इमारतीची डागडुजी, पाण्याच्या टाक्या. पाटबंधारे खात्यातला माणूस आणि गणिताची शिक्षिका, दोघांनाही तिथे पहिल्या दिवसापासून काम आहे. डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप टाकून पाणी आणलेलं असतं. पावसाळ्यात गाळ भरून तो तुंबतो, वरची जाळी वाहून जाते, सांधे सुटतात. हे समजणारा माणूस आवारात असणं फार मोलाचं.

म्हणून बोलणी करताना ‘काहीही काम द्या’ असं म्हणू नका. ऐकायला नम्र वाटतं, पण समोरच्याची पंचाईत होते. दोघांनी आपापल्या नावाने एकेक कागद लिहा: काय येतं, दिवसाला किती तास उभ्याने काम जमतं, किती जिने चढवतात, रात्री उठावं लागलं तर चालेल का. दोघांसाठी एकच कागद नको. आणि संस्थेला हे लेखी विचारा: राहायची जागा कुठे, संडास घरातच आहे की बाहेर, जेवण भोजनालयात की स्वतः करायचं, मानधन असलं तर किती आणि कशाकशासाठी, वर्षातून सुट्टी किती, येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार, आणि अडचण आली तर बोलायचं कुणाशी. यात संकोच करू नका.

जागेची उंची आधी विचारा. अरुणाचल म्हटलं की लोक बर्फाची तयारी करतात. रोइंग, पासीघाट, निर्जुली हा सगळा पायथ्याचा, दमट भाग. तिथली हवा कोकणाच्या जास्त जवळची आहे. झिरो दीड हजार मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात सकाळी गवतावर हिम दिसतं. तवांग तीन हजार मीटरच्या आसपास, आणि वाटेतली सेला खिंड चार हजारांच्याही वर. बीपी आणि मधुमेह घेऊन पहिल्याच खेपेला पायथ्याची जागा मागून घ्या.

परवान्याचं. अरुणाचलात जायला भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे. ऑनलाइन मिळणारं पर्यटकाचं परमिट थोड्या दिवसांचं असतं. त्यावर जाऊन कामाला राहायचं नाही. जास्त मुक्कामाच्या परमिटला स्थानिक हमी लागते, ती संस्था देते आणि पुढे जिल्हा प्रशासनाकडून ते होतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाला द्या आणि मूळ प्रतीशिवाय दोन झेरॉक्स नेहमी जवळ ठेवा. आसामात कामासाठी उतरलात तरी परतताना नाक्यावर ते दाखवावं लागतं. नवरा-बायकोचं परमिट वेगवेगळं असतं, तेव्हा दोघांच्या तारखा जुळवून घ्या.

शाळेत राहायचं म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागेल. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, मग स्थानिक ठाण्यातून पडताळणीला बोलावतात. निघायच्या दोन महिने आधी करा. आणि एक नियम स्वतःपुरता कायमचा पाळा: बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसायचं नाही, शिकवणी नेहमी उघड्या दाराने किंवा व्हरांड्यात. तुमच्या वयाकडे बघून कुणी तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय.

---

वहीखातं

पैसे आणि घर याबद्दल लिहितो.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो आणि तो तिथूनच मोबाइलवर देता येतो. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप फोनमध्ये हवीत. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शनचा खाते क्रमांक जवळ ठेवा. ॲपमध्ये मंजुरी देणारं कार्यालय आणि पेन्शन अदा करणारं कार्यालय निवडावं लागतं, आणि चूक बहुतेक इथेच होते: केंद्र सरकारचा पर्याय निवडला जातो किंवा कोषागाराऐवजी बँक निवडली जाते. मग दाखला तयार होतो, प्रमाण आयडीही येतो, पण पुढे तो नामंजूर होतो आणि डिसेंबरमध्ये पेन्शन अडकल्यावर कळतं. म्हणून आयडी आला म्हणजे काम झालं असं समजू नका. आठ-दहा दिवसांनी स्थिती तपासा, कोषागारात फोन करून खात्री करा. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ नको. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याची सोय फार कामाची. निघण्याआधी एकदा पुण्यात दोघांची ॲप सुरू करून मुलीसमोर सराव करा.

हे सगळं आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर चालतं. तो नंबर रिचार्ज संपून बंद पडला तर बँकही बंद आणि दाखलाही बंद. वर्षभराचं रिचार्ज एकदम मारा. दोघांचे नंबर दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवा, म्हणजे एकाची रेंज गेली तर दुसऱ्याचं चालतं.

पीपीओ उघडून बघा. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग आधारशी जुळतं का? जुळत नसेल तर आत्ता दुरुस्त करा. हे काम दूर बसून होत नाही.

बचत खाती आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीच्या करा, वारस नोंदवा. दोन वर्षांत कोणती ठेव किंवा ज्येष्ठ नागरिक योजना परिपक्व होते त्याची तारखांची यादी मुलीकडे द्या. व्याजावर करकपात नको म्हणून जो फॉर्म देता तो दर एप्रिलला प्रत्येक बँकेत नव्याने द्यावा लागतो, नेट बँकिंगमधून होतो. मृत्युपत्र केलं नसेल तर करून टाका. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

घर बंद ठेवायचं की भाड्याने द्यायचं? मी भाड्याच्या बाजूने आहे, बंद घर लवकर खराब होतं. दिलंत तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ हे दलालाचं बोलणं ऐकू नका. महाराष्ट्रात नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीला आधारचे ठसे लागतात, त्यामुळे पहिला करार निघण्याआधी करा आणि मुदत चोवीस महिन्यांची ठेवा, म्हणजे मध्येच नूतनीकरणासाठी यावं लागणार नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितलं तर २००१ चा शासन आदेश दाखवा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिल्यावर ती जाते, तेव्हा भाडं ठरवताना तो फरक धरा.

बंदच ठेवणार असाल तर: गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, सगळे अँगल कॉक बंद, फ्रिज रिकामा करून दार उघडं, इन्व्हर्टरची बॅटरी कुणाला तरी वापरायला द्या (पडून राहिली की मरते), आणि दर महिन्याला एक माणूस येऊन खिडक्या उघडेल, बाथरूमच्या जाळ्यांत पाणी ओतेल अशी सोय करा. जाळ्यातलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात.

मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करा, पण नेमक्या कामांपुरतं: भाडेकरार, सोसायटी, वीज, मिळकतकर. सरसकट अधिकार देऊ नका. आणि गाडी सोबत नेऊ नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते.

---

डॉ_निर्गुडी

मधुमेह आणि बीपी असताना जाता येतं. फक्त तिथे औषध मिळेल या भरवशावर जायचं नाही.

तुमच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं रासायनिक नाव, मात्रा, आणि ते न मिळाल्यास चालणारा पर्याय. ब्रँडचं नाव तिथल्या दुकानदाराला कळेलच असं नाही. तीन महिन्यांचा साठा जवळ हवा, आणि तो एका महिन्याने कमी झाला की पुढची मागणी गेलीच पाहिजे. पावसात रस्ता खचला की पार्सल अडकतं, कुरिअर तर बऱ्याच पिनकोडला पोचतच नाही. स्पीड पोस्ट त्यातल्या त्यात बरं.

आता इन्सुलिन. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. उघडलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात, ३० अंशांच्या आत चालतं. तुमच्या इन्सुलिनच्या चिठ्ठीवर नेमका आकडा बघा. आपल्याकडे बरेच जण ते ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती युक्ती छान चालते, कारण पाणी भराभर उडतं. आसाम-अरुणाचलाच्या पायथ्याला जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, मडकं जेमतेम गार होतं. तिथे मडक्यावर विसंबू नका. संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका. एकदा गोठलं की ते इन्सुलिन टाकून द्यायचं, वितळल्यावर दिसायला नीट वाटलं तरी. डब्यात छोटा थर्मामीटर असू द्या. सरकारी उपकेंद्रातल्या लशींच्या शीतपेटीत ठेवायला मागू नका, त्यात लशींखेरीज काही ठेवायचं नसतं. साठा दोन ठिकाणी विभागून ठेवा. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात टाकायचं नाही.

शुगर तपासायच्या पट्ट्या दमट हवेने बिघडतात. डबी उघडली, पट्टी काढली, लगेच झाकण. डबी किती दिवस उघडी चालते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख मार्करने डबीवर लिहा. आकडे अचानक विचित्र यायला लागले तर आधी नवी डबी उघडून पुन्हा तपासा, लगेच इन्सुलिन कमी-जास्त करू नका.

ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. ईशान्येत फाल्सिपॅरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार असतो आणि त्यावर जुनी क्लोरोक्विन चालत नाही; सरकारी कार्यक्रमात तिथे आर्टिमेथर-लुमेफँट्रिन देतात. घरची पॅरासिटॅमॉल घेऊन दोन दिवस वाट बघणं हाच यातला मोठा धोका. तपासणी नकारात्मक आली आणि ताप उतरत नसेल तर अंगावर कुठे काळपट खपलीचा छोटा डाग दिसतो का शोधा: काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनाखाली. तो स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा) असू शकतो. डॉक्टरांना तो दाखवलात तर निदान फार लवकर होतं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, पूर्ण बाह्या. पायथ्याला दमदीम नावाची बारीक माशी असते, चावली की लाल ठिपका उरतो आणि आठवडाभर खाज. खाजवून जखम करायची नाही, विशेषतः मधुमेहात.

जळवा. पावसाळ्यात गवतातून चालायचं तर गमबूट, मोजे पँटवर ओढून. चिकटलीच तर ओढू नका, कडेने नखाने सरकवा. रक्त बराच वेळ वाहत राहतं, त्याने घाबरू नका, दाबून धरा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी वेळ लागतो. काकूंनी रोज रात्री पायाची बोटं उजेडात बघायची, आणि ओला बूट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही. दोन जोड हवेतच.

निघण्याआधी: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, ईसीजी, किडनीच्या चाचण्या, दातांची सगळी कामं. धनुर्वात, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी; जपानी मेंदूज्वराच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, कारण अप्पर आसामच्या पट्ट्यात तो आजार आहे.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ठरवा की रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कोणती गाडी, कोण चालवणार, कुठे जायचं. रोइंगकडून दिब्रुगडचं आसाम मेडिकल कॉलेज धोला-सदिया पुलामुळे आता नदी ओलांडून तीन-चार तासांवर आलंय. २०१७ च्या आधी तिथे बोट लागायची. इटानगरच्या बाजूला असाल तर नाहरलगूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. मेडिक्लेमची कॅशलेस रुग्णालयं दिब्रुगड आणि गुवाहाटीत कोणती आहेत ते कंपनीकडून लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट दोघांनी आणि मुलीने बसून बोलून घ्या: तिथे कुणाचं काही बरंवाईट झालं तर अंत्यसंस्कार तिथेच करायचे की पुण्यात. पार्थिव विमानाने आणायला एम्बामिंग (शव टिकवण्याची प्रक्रिया) आणि त्याचा दाखला लागतो, त्याची सोय मोठ्या शहरातच असते. हे ठरलेलं असलं की त्या वेळी मुलीवर भार येत नाही.

---

आंबेमोहोर

तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून.

पोहे नेऊ नका. आसामात चिरा म्हणून छान मिळतात. गूळ, मसूर, मूग, मोहरीचं तेल, आलं, मिरची सगळं आहे. तूरडाळ मिळते पण महाग आणि कधी कधीच. ज्वारी-बाजरीचं पीठ मिळणार नाही, आणि नेलंत तरी तीन आठवड्यांत त्याला दमट वास येतो. भाकरीची सवय असेल तर धान्य न्या आणि लागेल तसं दळा. छोटी घरगुती गिरणी किंवा मिक्सर. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याचं कूट हवाबंद पिशव्यांत, पाव-पाव किलोचे पुडे करून. मोठी बरणी उघडली की अख्खी जाते. आमसूल थोडं न्या, पण तिकडे थेकेरा मिळतो, सुकवलेल्या फोडी असतात, कोकमाच्याच कुळातला. आमटीत एक फोड पुरते. काकूंच्या शुगरसाठी सांगते: तिकडे दोन्ही वेळा भातच असतो. भोजनालयात जेवणार असाल तर सकाळी नाश्त्याला मूग किंवा हरभऱ्याची उसळ स्वतः करता येईल एवढी एक शेगडी खोलीत आहे का विचारा.

कपडे सुती नि पटकन वाळणारे. जाड चादरी नकोत, पावसात चार दिवस वाळत नाहीत. चामड्याची चप्पल, पट्टा, पाकीट बुरशीने पांढरं होतं. कागदपत्रं, श्रवणयंत्र, जास्तीचा चष्मा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून परत वापरा. चार्जिंगची विजेरी प्रत्येकी एक, एक पॉवर बँक. वीज वादळात जाते आणि व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून नाजूक उपकरणाला स्टॅबिलायझर.

रोख पैसे छोट्या नोटांत. शहरात यूपीआय चालतं, आत नेट नसतं आणि एटीएम बरेचदा रिकामं.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. छापून काढतोय. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. बायको म्हणते, ‘तुझं काम ठरलेलं असेल, मला मात्र तिथे जाऊन पुन्हा स्वयंपाकघरच सांभाळायला लागेल का?’ आणि तिथल्या लोकांशी वागताना काय जपावं? आमचं हिंदी यथातथाच आहे.

---

रानजाई

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो जाण्याआधीच सुटला पाहिजे. जोडपी अर्ध्यावर परत येतात त्याचं कारण बहुतेक वेळा पाऊस किंवा आजारपण नसतं. एकाला जायचं असतं आणि दुसरी व्यक्ती सोबत म्हणून येते. तिच्या नावावर काम नसतं, सगळे तिला ‘सरांच्या मिसेस’ म्हणून ओळखतात, आणि पाहुणा आला की चहा तिच्याकडून. चौथ्या-पाचव्या महिन्यात तिला घर खायला उठतं.

लोहित_काठ यांनी दोन वेगळे कागद लिहायला सांगितलेत, त्याच्या पुढचं सांगते. नेमणुकीच्या पत्रातही दोघांची नावं आणि दोघांची कामं स्वतंत्र लिहून घ्या. काकूंचं गणित: कोणते वर्ग, आठवड्याला किती तास, कोणत्या खोलीत. सकाळचा चहा सोडून घरातलं काम दोघांत वाटा, आणि ते तिथे गेल्यावर न ठरवता पुण्यात निघायच्या दोन महिने आधी सुरू करा. काकांनी भात, आमटी, एक भाजी आणि इन्सुलिन पेन लावणं शिकून घ्यावं. काकूंनी ऑनलाइन बँकिंग आणि जीवन प्रमाण. एक आजारी पडला तर दुसऱ्याला सगळं यायला हवं.

आठवड्यात एक अर्धा दिवस संस्थेचा नाही, तुमच्या दोघांचा. आवाराबाहेर पडा. निवासी शाळेत दार कायम वाजत असतं, आणि तिथे ‘नाही’ म्हणणं फार जड जातं.

नवीन माणूस आणखी एका गोष्टीने गोंधळतो ती म्हणजे दिवस. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. जूनमध्ये सव्वाचारला उजाडतं, डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाचं सगळं लवकर सुरू होतं आणि लवकर आटपतं. पुण्यातल्या सवयीने रात्री साडेदहाला जेवलात तर झोपही जाते आणि शुगरही बिघडते. पहिल्या दिवसापासून साडेसातच्या आत जेवण. आणि डिसेंबर-जानेवारीच्या लांब संध्याकाळी एकटं वाटतं, तेव्हा त्या वेळेला ठरलेलं काम हवं: वाचनवर्ग, भजन, कॅरम, काहीही, पण रोज.

---

लोहित_काठ

भाषेची काळजी नको. अरुणाचलात वेगवेगळ्या जमातींचे लोक एकमेकांशी हिंदीतच बोलतात, आणि ते हिंदी व्याकरणाला अडून बसत नाही. आपलं मराठी वळणाचं हिंदी तिथे सहज खपतं. पण ज्या जमातीच्या भागात जाल तिचं नाव, सण आणि चार शब्द शिकून जा. आदी, इदू मिश्मी, गालो, न्यिशी, आपातानी हे वेगवेगळे लोक आहेत, सरसकट ‘इथले आदिवासी’ म्हणू नका. गालोंचा मोपिन ५ एप्रिलला, आपातानींचा द्री ५ जुलैला, आदींचा सोलुंग सप्टेंबरच्या सुरुवातीला, इदूंचा रेह १ फेब्रुवारीला. त्या दिवशी बोलावणं आलं तर जायचंच.

‘आम्ही भारतातून आलो’ असं तोंडून जाऊ देऊ नका. ‘महाराष्ट्रातून आलो’ म्हणा. पहिलं वाक्य फार लागतं, कारण ते लोक भारतातच राहतात आणि चीनच्या सीमेवर राहून तसं अभिमानाने सांगतात.

घरी गेलात की चुलीभोवती बसवतात. चूल घराच्या मधोमध, वर टांगलेल्या फळ्यांवर मांस नि मका धुरावलेला. कोणती बाजू पाहुण्याची आणि कोणती घरच्या वडीलधाऱ्यांची हे ठरलेलं असतं, म्हणून ते दाखवतील तिथेच बसा. अपोंग म्हणजे तांदळाची किंवा नाचणीसारख्या धान्याची घरची बियर पुढे करतील. घेत नसाल तर दोन्ही हातांनी भांडं घेऊन, ओठाला लावून, नम्रपणे परत द्या, कुणी आग्रह करत नाही. नाक मुरडणं मात्र लक्षात ठेवतात. मांसाचंही तसंच: ‘मी खात नाही’ पुरेसं आहे, ते का वाईट यावर बोलायचं नाही. गावात लाल कोट घातलेला वयस्क माणूस दिसला तर तो गाव बुढा, गावचा मान्यवर. आधी त्याला नमस्कार. फोटो विचारून, आणि पूजेच्या जागी विचारूनही शक्यतो नाही.

धर्माबद्दल. एकाच गावात दोन्यी-पोलो (सूर्य-चंद्राला मानणारी तिथली श्रद्धा) मानणारे, ख्रिस्ती, बौद्ध असे शेजारी असतात, कधी एकाच घरात. शाळेतल्या मुलांना तुमच्या बोलण्यातून त्यांच्या घरच्यांबद्दल कमीपणा वाटता कामा नये. त्यांच्या आजोबांना काय येतं ते मुलांकडून विचारून घ्या: बांबू कोणत्या महिन्यात तोडला की त्याला कीड लागत नाही, सापळा कसा लावतात. गणिताच्या तासाला मोजमापासाठी याहून चांगलं साहित्य मिळणार नाही, काकूंना हे नक्की उपयोगी पडेल.

तुमच्याकडून शिस्तीची घाई होईल. ‘आमच्या शाळेत असं असायचं’ हे वाक्य पहिले सहा महिने बाजूला ठेवा. तिथे तरुण शिक्षक वर्षानुवर्षं काम करताहेत, मुख्याध्यापक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. सूचना असेल तर एकांतात, एका वेळी एकच. काकांनी पाण्याची लाइन बघितल्यावर अहवाल लिहिण्याआधी ती कोणी, कोणत्या वर्षी, किती पैशांत टाकली ते विचारून घ्यावं. पुष्कळदा पाइप पातळ असण्याचं कारण एवढंच असतं की तेवढाच डोक्यावरून वर नेता आला.

एकदम दोन वर्षांचा शब्द देऊ नका. संस्थेला विचारून आधी महिनाभर राहून बघा, आणि तो महिना जुलै किंवा ऑगस्ट निवडा. ऑक्टोबर ते मार्च तिथे सगळ्यांनाच आवडतं. मुंबईहून दिब्रुगडला रेल्वेने अडीच दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. काकूंचं इन्सुलिन असल्यामुळे विमानाने जा, आणि दिब्रुगडला एक रात्र थांबून सकाळी पुढे निघा. डोंगरातला रस्ता अंधारात करायचा नाही. त्या महिन्यासाठी लागणारं परमिट कोणतं ते संस्थेकडून लेखी आल्याशिवाय तिकिटं काढू नका.